आप्पांनी पेन खाली ठेवलं

आप्पा बिअरचे जज होते, आणि शेवटची काही वर्षं त्यांना कसलाच वास येत नव्हता.

परवा सकाळी ते गेले. धारला, आपल्या घरी, झोपेतच.

(माझी शाळा हिंदीत झाली. मराठी लिहिताना चुकेन, सांभाळून घ्या.)

मी देवासला एका फॅक्टरीच्या लॅबमध्ये नोकरी करते. आई गेल्यावर घरात एकटी पडले, तेव्हा व्हिडिओ बघून बिअर बनवायला लागले. शेजारच्यांना वाटायचं, सिरका, म्हणजे व्हिनेगर करते. मी वाटू दिलं.

इंदूरला घरी बिअर बनवणाऱ्यांची एक छोटी स्पर्धा व्हायची. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. जज चाखतात, मार्क देतात, आणि फीडबॅक लिहून पाठवतात.

माझ्या पहिल्या बिअरवर एकाने लिहिलं, नाइस. दुसऱ्याने, ठीकठाक.

तिसऱ्याने पानभर लिहिलं होतं, हिंदीत. रंग सुंदर आलाय. कडूपणा बेताचा, तो असाच ठेवा. पण वास उकडलेल्या भुट्ट्याचा येतोय. उकळताना झाकण ठेवलं होतं का? पुढच्या वेळी उघडं उकळा. थांबू नका, परत बनवा.

झाकण ठेवलं होतं.

माझ्या हातचं कुणीतरी इतकं लक्ष देऊन चाखलं होतं. आईनंतर पहिल्यांदाच.

निकालाच्या दिवशी मी त्या जजला शोधून काढलं. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा. एका ब्रुअरीच्या लॅबमधून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगी कॅनडात. माझं आडनाव ऐकल्यावर लगेच मराठीत आले.

"मग तू आपल्यातलीच की. मला आप्पा म्हण."

पुढे त्यांनीच मला शेजारी बसवून जजिंग शिकवलं.

"आधी चांगलं काय आहे ते लिहायचं. त्या माणसाने महिनाभर वाट पाहिलेली असते."

"आणि चांगलं काहीच नसलं तर?"

"मग परत एक घोट घ्यायचा."

मग कोविड आला. आप्पा बरे झाले, पण नाक गेलं.

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

त्यानंतरच्या पहिल्या स्पर्धेत आम्ही एकाच टेबलावर होतो. तीन ग्लास झाले. चौथा आला. आप्पांनी तो नाकाशी धरला, आणि धरूनच ठेवला.

मग हळूच विचारलं, "तुला काय येतंय यात?"

"कच्चं सफरचंद," मी म्हटलं.

ते तसं लिहू शकले असते. मी बाजूलाच बसले होते. आमच्या दोघांशिवाय कुणाला कळलं नसतं.

आप्पांनी पेन खाली ठेवलं. उठले, आयोजकाकडे गेले आणि म्हणाले, "भिया, मुझे कुछ सूँघने में नहीं आ रहा. मेरे तीनों शीट हटा दो. वो बोतलें किसी और को चखवा दो."

तो बिचारा गोंधळला. "अरे काकाजी, इतने साल का एक्सपीरियंस है. अंदाज़ से लिख दो ना."

"जिसने बनाई है, वो मेरे लिखे पर अगली बार बनाएगा," आप्पा म्हणाले. "उसको अंदाज़ कैसे दूँ?"

हॉलमध्ये सगळे बघत होते. आप्पा खुर्चीवरची पिशवी उचलून बाहेर गेले.

मी मागे धावले. ते स्कूटरींच्या रांगेजवळ उभे होते.

"वाटलं होतं, आज येईल," म्हणाले. "रोज वाटतं."

पुढच्या वर्षी त्यांना शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. त्यानंतर बोलावणं आलं नाही. कुणाचं चुकलं असं नाही. वास न येणाऱ्या जजला बोलावून करणार काय.

मी मात्र रविवारी बाटली घेऊन धारची बस धरायची.

ते ग्लास उजेडात धरायचे, एक घोट घ्यायचे. "कडू-गोड जिभेला कळतंय. बाकीचं तू सांग."

"संत्र्याचं साल."

"ताजं की वाळलेलं?"

"वाळलेलं."

"हां," म्हणायचे, आणि डोळे मिटायचे.

एकदा त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. काकूंच्या साड्यांचं कपाट उघडलं.

"यात कसला येतो?"

"डांबरगोळ्यांचा."

"अजून?"

मी वाकून नीट वास घेतला. "मागे कुठेतरी खसचं अत्तर आहे."

आप्पा पलंगावर बसले. मग म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.

काल मुलगी पोचू शकली नाही, पुतण्याने अग्नी दिला. स्पर्धेच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. इंदूरहून आलं कुणी नाही.

स्मशानातून आप्पांच्या घरी परतल्यावर त्यांच्या शेजारची भाभी माझ्याजवळ आली. "आप संडे वाली दीदी हो ना?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, काकाजींना गॅसचा वास कळायचा नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी दारात येऊन विचारायची, काकाजी, गैस बंद है ना? ते आतून म्हणायचे, बंद है बेटा. रविवार सोडला तर बाकीचे सहा दिवस त्यांना दुसऱ्या कुणाशी बोलताना तिने पाहिलं नव्हतं.

आणि काल संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, सवयीने ती दारात आली आणि विचारून बसली.

आतून कुणी उत्तर दिलं नाही.

मी उठून आत गेले. बघितलं, आणि तिला सांगितलं, "बंद है."

आप्पा, नमस्कार करते. शांत झोपा.