गुंडाळलेलं वर्तमानपत्र

आमच्या नव्या पिल्लानं आज पुन्हा बाहेरच्या खोलीत शू केली. मी हातातलं वर्तमानपत्र गुंडाळून उठलो, तशी माझी कॉलेजात जाणारी मुलगी, मुक्ता, मध्ये आली.

"बाबा, थांबा ना! त्याला अजून कळत नाही."

तिनं फरशी पुसली आणि पिल्लाला उचलून अंगणातल्या पेरूखाली नेऊन सोडलं. पंधरा दिवस ती हेच करते आहे, एकदाही आवाज न चढवता. त्यानं पेरूखालीच उरकलं, की "शहाणं गं माझं ते!" म्हणत पोळीचा तुकडा भरवते.

एवढा धीर ही कुणाकडून शिकली? माझ्याकडून नक्कीच नाही. चार वर्षांची मुक्ता अंथरूण ओलं करायची, तेव्हाही मी असाच उठायचो. "कागदच तर आहे, लागत नाही," असं तिच्या आईला सांगायचो.

मघाशी पिल्लू माझ्याकडे बघून शेपूट हलवत होतं. गुंडाळलेल्या कागदाची भीती त्याला ठाऊकच नव्हती. डोळे घट्ट मिटले होते ते मुक्तानं.

मी वर्तमानपत्र उलगडलं आणि पिल्लासाठी दाराशी अंथरलं. मुक्ता पिल्लाच्या कानात म्हणाली, "बघ, बाबापण शिकतायत."