घोडीतला चार आणे वाटा

लोणंदला गाडीतून उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी पोचायला हवा होता. माझे यजमान पाचव्या दिवशी पोचले. सैन्यातून दोन महिन्यांच्या रजेवर आले होते आणि पलटणीतल्या एका मित्राच्या घरी सामान द्यायचं म्हणून लोणंदला उतरले होते. दारात आले तेव्हा त्यांची लोखंडी ट्रंक एका तांबड्या घोडीच्या पाठीवर होती आणि घोडीचा दोर एका उंच, पांढऱ्या मिशांच्या धनगराच्या हातात होता.

"ही आपली घोडी," यजमान म्हणाले. मग त्या म्हाताऱ्याकडे बघून जरा सावरले. "म्हणजे, निम्मी आपली."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. म्हातारा कवठे महांकाळच्याही पलीकडचा. लोणंदच्या बाजाराला मेंढरं घेऊन आला होता. बाजाराबाहेर एका ट्रकनं भोंगा वाजवला आणि भांड्याकुंड्यांनी लादलेली त्याची घोडी उधळली. तिनं म्हणे स्टेशनवरच्या टांग्याला मागं टाकलं, आणि पाठीवरचा एक तांब्यासुद्धा खाली पडला नाही. यजमानांनी ते पाहिलं आणि घराची वाट सोडून ते त्या माणसाबरोबर चालायला लागले. चार दिवस विनवण्या केल्या. म्हातारा घोडी विकायला तयार नव्हता. "लेक हाय ती घरची, लेक कुनी इकतंय व्हय? पर तुमाला भागीत घितो," एवढ्यावर तो आला.

दुसऱ्या दिवशी निम्मीची पाव झाली. माझे चुलत दीर, ज्यांना मी भावजी म्हणायची, ते घोडी बघायला आले आणि ओट्यावरून हललेच नाहीत. त्यांचा नदीकाठाला ऊस होता. शर्यतीची हलकी गाडी त्यांनी हौसेनं करून घेतली होती, पण तिला जुंपायला बरा घोडा मिळाला नव्हता. यजमानांना थोरल्या भावाला नाही म्हणता येईना. शेवटी आठ आणे म्हाताऱ्याचे, चार आणे भावजींचे, चार आणे आमचे असं ठरलं.

म्हाताऱ्याला आम्ही मामा म्हणायला लागलो. दिवाळीनंतर मामांचा कुटुंबकबिला मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणात उतरायचा आणि मृगाच्या आधी परत यायचा. तेवढे महिने घोडी आमच्याकडे, पावसाळ्यात त्यांच्याकडे. जाताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. घोडीला उसाचं वाडं घालायचं नाही. चाबूक लावायचा नाही. आणि काही झालं तरी मृगाला घोडी परत द्यायची. हे सगळं त्यांनी भावजींना सांगितलं, यजमानांना सांगितलं, आणि निघताना माझ्यापाशी थांबून पुन्हा एकदा सांगितलं. बहुधा घोडी कुणाच्या अंगावर पडणार हे त्यांनी ओळखलं असावं.

रजा संपली, यजमान सरहद्दीवर गेले आणि घोडी माझ्याकडे राहिली. सासूबाई म्हणाल्या, "म्हस आणली असती तर दूध तरी दिलं असतं." मला मात्र घोड्याचं भय नव्हतं. माझं माहेर विट्याकडचं. दोन्ही भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात लांबच्या शहरांत होते, त्यामुळे वडिलांच्या तट्टाचं सगळं माझ्याकडे होतं. ते आठवड्याच्या बाजारांना कापड घेऊन जायचे. तट्टाचा खरारा, दाणावैरण, खूर साफ करणं हे मी दहा वर्षांची असल्यापासून करत होते. सासरी हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही कधी सांगितलं नव्हतं.

घोडीला नाव असं लागलंच नाही. भावजींनी एक ठेवलं, यजमानांनी पत्रातून दुसरं कळवलं, मामांच्या घरी तिसरंच होतं. ती कुठल्याच हाकेला कान हलवीना. मी नुसती जिभेनं टकटक करायची, त्याला मात्र यायची.

दिवस उगवायच्या आधी मी तिला नदीच्या वाळूत चालवायची. मऊ वाळूत पाय ओढून चाललं की घोड्याचा दम वाढतो, हे वडिलांचं सांगणं. उजाडलं की भावजी गाडी घेऊन यायचे. त्यांचा हात खरोखर चांगला होता. लगाम असा धरायचे की जणू हातात काचेची बांगडी आहे. घोडी त्यांच्या हातात पळायची तेव्हा माझ्या मनातसुद्धा यायचं की या माणसाला चार आणे दिले ते काही चुकलं नाही.

पहिली शर्यत शेजारच्या गावच्या जत्रेत होती. लांबच्या निशाणाला वळसा घालून परत यायचं. बायका शर्यतीच्या रस्त्यावर जात नसत. मी लांब एका बैलगाडीवर उभी राहून बघत होते. आठ गाड्या सुटल्या. निशाणापर्यंत आमची घोडी सगळ्यांच्या पुढं होती. वळसा घेतला, तरी पुढंच. आणि मग रस्त्याच्या उजव्या अंगाला एक मेंढरांचा कळप चरत होता, त्यातल्या घंटा तिच्या कानावर पडल्या. तिनं रस्ता सोडला. भावजींसकट गाडी ज्वारीच्या रानातून ओढत नेली आणि कळपाच्या मधोमध जाऊन शांत उभी राहिली.

पुढं पंधरा दिवस गाव हसत होतं. पारावर भावजी दिसले की कुणीतरी मेंढरासारखं ओरडायचं. ते घरी येऊन मला म्हणाले, "मेंढरातली ती मेंढरातच जायाची. उगा नादी लागलो आपुन."

"एक महिना द्या मला," मी म्हणाले.

"काय करनार तू?"

"मेंढरं दाखवीन तिला."

आणि तेच केलं. रोज सकाळी गावच्या मेंढरांच्या बाजूनं तिला न्यायची. ती मान वळवायची, मी सरळ चालत राहायची. थांबली तर थांबायची, पण कळपात जाऊ द्यायची नाही. मेंढरामागच्या बाईला मी सांगितलं होतं, ती मुद्दाम घंटेचा एडका आमच्या अंगावर घालायची. महिना नाही, दीड महिना लागला. एके दिवशी एडका पोटाखालून गेला तरी घोडीनं मान वळवली नाही. त्या दिवशी मी तिला मूठभर गूळ दिला आणि मीही खाल्ला.

मग मात्र ती जिंकायला लागली. पौषात एक ढाल आली, माघात दुसरी. ढाल महिनाभर भावजींच्या घरी, महिनाभर आमच्या घरी. लोक ती बघायला यायचे, चहा प्यायचे आणि भावजींना शाबासकी देऊन जायचे. मी चहा करायची. वाईट वाटायचं का? थोडं वाटायचं. पण माझ्या हातचा दाणा खाऊन ती पळते हे मला ठाऊक होतं आणि तेवढं मला तेव्हा पुरत होतं.

चैत्रात भागातली सगळ्यात मोठी जत्रा होती. लांबून लांबून गाड्या येणार होत्या. दोन दिवस आधी वाळूत चालवताना माझ्या लक्षात आलं की घोडी पुढचा डावा पाय हलका टाकतेय. खूर हाताला गरम लागला. मी भावजींना जाऊन सांगितलं.

त्यांनी येऊन पाय पाहिला. "चालाय लागली की मोकळी हुती. थोडी आखडलीया."

"आवं भावजी, आखडलेला पाय गरम लागत न्हाई. आतमदी कायतरी हाय."

"लोकांना शब्द दिलाय मी. एवढ्या गाड्या येनार, आन् आपुन घरात बसायचं?"

"मामा असते तर पळवली असती का?"

"मामा कोकनात हायत," ते म्हणाले. "तुझं चार आनं, माझं चार आनं. कुणाचं ऐकायचं?"

जत्रेच्या सकाळी मी नदीवर धुणं घेऊन गेले आणि परत आले तर दावं रिकामं होतं.

जत्रेचं गाव तीन कोसांवर. मी ओला पदर तसाच खोचून निघाले. वाटेत एका बैलगाडीवाल्यानं बसवून घेतलं. पोचले तेव्हा गाड्या ओळीत लागत होत्या. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि त्यात एकही बाई नाही. मी त्या गर्दीतून वाट काढत सरळ रस्त्यावर गेले. आमची घोडी ओळीत चौथी होती. डावा पाय उचलून तीन पायांवर उभी होती.

मी जाऊन तिचा लगाम धरला.

"भावजी, उतरा."

"जा घरी," ते हळू आवाजात म्हणाले. "लोकं बघत्याती."

"बघू द्या. तिचा पाय बघा. टेकवाय लावा एकदा, टेकला तर मी जाते."

त्यांनी लगाम हलवला. घोडीनं पाय टेकवला आणि लगेच वर घेतला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गाडीवानानं ते पाहिलं आणि म्हणाला, "बाई खरं बोलत्यात गड्या. सोड ती." भावजी उतरले. ते गर्दीत निघून गेले. मी पट्टे सोडले, गाडी तिथंच राहू दिली आणि घोडीला घेऊन चालत निघाले. थांबत थांबत घरी यायला दिवस मावळला. सासूबाई दारातच होत्या. त्या मला काहीतरी बोलतील म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. त्या आत गेल्या आणि खूर शेकायला गरम पाण्याचं घमेलं घेऊन बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी खूर कोरला, पू निघाला आणि पुवातून बाभळीच्या काट्याचं टोक. "काल पळवली असती तर ही पुन्हा कुठल्या गाडीला लागली नसती," ते म्हणाले.

भावजींनी माझ्याशी बोलणं सोडलं. यजमानांचं पत्र आलं, ते रागाचं होतं. चारचौघांत थोरल्या भावाला मान खाली घालायला लावलीस, असं लिहिलं होतं. ते पत्र मी दोनदा वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना फक्त दोन ओळींचं उत्तर लिहिलं. "घोडी तीन पायांवर उभी होती. तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं ते कळवा." त्याला सरळ उत्तर कधी आलं नाही. पण पुढच्या पत्रात त्यांनी घोडीच्या पायाची चौकशी माझ्याकडे केली होती, भावजींकडे नाही.

मृगाच्या तोंडावर मामा आले. भावजीही आले, बरंच काही सांगायच्या तयारीनं. मामांनी कुणाचं ऐकण्याआधी घोडीचा पाय गुडघ्यावर घेतला आणि भरलेल्या खुरावरून अंगठा फिरवत बसले. मग भावजींकडे बघून म्हणाले, "माझं आठ आनं हायती न्हवं? ते हिच्या बाजूला धरा. बारा आनं झालं. हितनं पुढं घोडी कवा पळायची आन् कवा न्हाई, ही सांगंल."

भावजींचा चेहरा उतरला. मामांना ते दिसलं. "पर गाडी तुमीच हाकायची," ते म्हणाले. "तुमच्यावानी हात मी ह्या मुलकात बघितला न्हाई."

दिवाळीनंतर घोडी परत आली त्या सकाळी माझ्या अंगणात हिरव्या गवताचे दोन भारे पडले होते. टाकून कोण गेलं हे मी विचारलं नाही. दोन दिवसांनी ते गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "आज किती पळवायची?" एवढंच. पण ते त्यांनी मला विचारलं होतं.

त्या वर्षी मी तिला मोजक्याच शर्यतींना सोडलं. फाल्गुनात एकदा हरलो, अगदी शेवटच्या काही हातांवर, एका उमद्या पांढऱ्या घोड्यानं हरवलं. चैत्रातल्या त्याच मोठ्या जत्रेत तोच पांढरा घोडा होता. या वेळी मी बैलगाडीवर नाही, लांबच्या निशाणापाशी माणसांच्या रांगेत उभी होते आणि कुणी मला जा म्हणालं नाही. निशाणापर्यंत पांढरा पुढं होता. वळशावर भावजींनी गाडी इतकी आतून घेतली की चाक निशाणाच्या काठीला लागतंय असं वाटलं. तिथं दोन गाड्यांचं अंतर तुटलं. पांढऱ्याच्या गाडीवानानं चाबूक काढला. भावजींनी नुसता लगाम सैल केला आणि घोडी पुढं निघून गेली. मागून तिची शेपटी दिसत होती तोवर मी बघत राहिले. मग धुरळा झाला आणि तिकडून ओरडा ऐकू आला.

गर्दीबरोबर मी परत सुटायच्या जागी पोचले तेव्हा लाऊडस्पीकरवरून पहिल्या आलेल्या गाडीच्या मालकाला बोलावत होते. भावजी मंचावर चढले आणि माइकवर म्हणाले, "मालकीण हाय आमची. खाली उभी हाय, तिला बोलवा." कुणाला काय करावं कळेना, कारण बक्षिसात फेटा होता. एका वयस्क पंचांनी तो न बांधताच माझ्या दोन्ही हातांवर ठेवला, वर ढाल ठेवली. सासूबाई त्या दिवशी जत्रेला आल्या होत्या. वाटेत भेटेल त्या बाईला त्या सांगत होत्या, "माजी सून हाय ती."

पुढच्या रजेत यजमान आल्यावर आम्ही दोघं सांगलीच्या बाजारात गेलो. एका वैरणवाल्यानं मला ओळखलं आणि यजमानांकडे बोट करून विचारलं, "ह्ये कोन?" यजमान हसत म्हणाले, "मी हिच्या घोडीतला भागीदार." घरी आल्यावर ही गोष्ट त्यांनी स्वतःच तीन घरांत जाऊन सांगितली.

घोडी आणखी दोन वर्षं पळाली. मग गाभण राहिली, आणि तिसऱ्या मृगाला मामांनी तिला नेलं ते कायमचं. तिला आता पळवायची नाही, यावर आमचं तिघांचंही एकमत झालं. आमच्या भागीतलं ते पहिलं आणि शेवटचं एकमत. काही महिन्यांनी मामांचा निरोप आला की शिंगरू झालंय, तांबडंच आहे, पाय लांब आहेत. भावजी आणि मी एसटीनं कवठे महांकाळला गेलो आणि तिथून चालत त्यांच्या वस्तीवर. शिंगरू आईच्या पोटाला लागून उभं होतं. भावजींनी त्याच्या पायांवरून हात फिरवला. मामा माझ्याकडे बघत होते.

"घ्या की," ते म्हणाले. "आवंदा आठ आनं तुमी घ्या, चार ह्यांचं, चार आनं मला ऱ्हाऊ द्या."