दार वेळेत उघडण्यात आलं

उरणजवळच्या ज्या कंटेनर यार्डात मी गार्ड आहे, त्या जागेवर पूर्वी मिठागरं होती. माझ्या सासऱ्यांनी तिथे मीठ ओढलं. आता मी तिथेच खाकी शर्ट घालून मेन गेटवर उभी असते आणि आत येणाऱ्या प्रत्येक ट्रकचं सील तपासते. गावातल्या बऱ्याच घरांचं असंच झालंय. कुणी ट्रकवर, कुणी क्रेनवर, बायका शेडमध्ये. माझी धाकटी नणंद लग्न मोडून माहेरी आली, तेव्हा तिलाही मीच शब्द टाकून शेडमध्ये कामाला लावलं. आलेला माल फोडायचा, लेबलं चिकटवायची, परत पॅक करायचा, असं तिचं काम.

शेडच्या मागच्या बाजूला आणखी एक गेट आहे. तिथे मामा असायचे. मूळचे रेवदंड्याचे कोळी. होडी विकल्यावर या नोकरीत आलेले, उरणात खोली घेऊन राहायचे आणि सुट्टी मिळाली की करंज्याहून लाँच पकडून घरी जायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत, पण माझं आणि त्यांचं फारसं जमत नव्हतं. चांगला गार्ड म्हणून कुणी त्यांचं नाव घेतलं नसतं. जेवण झालं की खुर्चीत डुलक्या काढायचे. टोपी डोक्यावर कमी आणि गुडघ्यावर जास्त. झोपल्याबद्दल त्यांना मेमो मिळाले होते. बाईला गेटवर ठेवलं की ट्रकवाले माजतात, असं ते माझ्यासमोरच साहेबांना म्हणाले होते. मी तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

शेडला दोन दारं. पुढचं मोठं, जिथून फोर्कलिफ्ट ये-जा करतात, आणि मागचं शटर. मध्यंतरी माल चोरीला गेला, तेव्हापासून मागच्या शटरला बाहेरून कुलूप घालायचा हुकूम निघाला. चावी ऑफिसात. बायकांनी तक्रार केली होती की बाथरूमला जायलाही सगळी शेड ओलांडून लांबून जावं लागतं. त्यावर कुणी काही केलं नाही.

त्या दुपारी फोर्कलिफ्टवरून एक ड्रम पुढच्या दारातच पडला आणि फुटला. त्यात काय होतं ते आम्हाला आजही नीट कुणी सांगितलेलं नाही. मी गेटवर होते. आधी वास आला, नाकात सुई घातल्यासारखा. मग शेडच्या दारातून पिवळट धूर बाहेर येताना दिसला आणि तो फोर्कलिफ्टवाला तोंडावर हात धरून पळत सुटला. पुढच्या दाराने कुणाला बाहेर येणं शक्यच नव्हतं. बायका सगळ्या आत होत्या. माझी नणंदही.

मी शेडकडे धावले. तेवढ्यात आमचे सुरक्षा अधिकारी, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, समोरून आले आणि त्यांनी मला परत फिरवलं. गेट सोडायचं नाही, बाहेरचा एक माणूस आत येता कामा नये, बंबाला रस्ता मोकळा पाहिजे. मी म्हटलं, माझी नणंद आत आहे. ते म्हणाले, म्हणूनच सांगतोय, गेटवर जा.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. बघता बघता रस्त्यावर माणसं जमली. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाची पोरं. सगळे मला ओळखणारे. मी काठी आडवी धरून उभी राहिले. पुढे माझी सासू होती. ती माझ्या नावाने हाक मारत होती, मग शिव्या देत होती, मग नुसती हात जोडत होती. मी तिला मागे सारलं. बंब आणि ॲम्ब्युलन्स आत गेली ती त्याच रस्त्याने. रस्ता मोकळा नसता तर गाड्या अडकल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. पण सासूने त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

मागे काय चाललं होतं, ते मला वॉकी-टॉकीवर ऐकू येत होतं. आतून बायका शटर बडवत होत्या. मामा ओरडून चावी मागत होते. ऑफिसातून उत्तर आलं की थांबा, चावी बघतोय. मग साहेबांचा आवाज आला की वरून परवानगी येईपर्यंत शटरला हात लावू नका. मामांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर मामांचा वॉकी-टॉकी गप्प झाला.

त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमधून लोखंडी पहार घेतली आणि कुलूप फोडलं. शटर वर गेल्यावर बायका एकमेकींवर पडत बाहेर आल्या. त्यात माझी नणंद नव्हती. कुणीतरी सांगितलं की ती खोक्यांच्या मागे चक्कर येऊन पडलीय. मामा टोपी तोंडावर दाबून आत गेले आणि तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मग स्वतःच मातीत बसले आणि ओकले.

सगळ्या वाचल्या. नणंदेला दवाखान्यातून लवकर घरी सोडलं. मामांना मात्र पनवेलला बरेच दिवस ठेवावं लागलं. परत आले ते वाळून गेलेले. ते कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात चौकशी बसली. गोंधळात शेडमधली बुटांची काही खोकी नाहीशी झाली होती. ती कुणी नेली कुणालाच माहीत नव्हतं. पण कुलूप कुणी फोडलं ते सगळ्यांना माहीत होतं. परवानगी नसताना दार फोडलं, त्यामुळे माल गेला, असं ठरलं. जुने मेमो बाहेर निघाले. आम्हा गार्डांना कामावर पुरवणाऱ्या एजन्सीने मामांना घरी बसून आराम करायला सांगितलं आणि पुन्हा बोलावलंच नाही. मामा सामान घेऊन निघाले तेव्हा मी गेटवरच होते. नियमाप्रमाणे मला त्यांची पिशवी तपासावी लागते. मी तपासली नाही. त्यांनीच ती माझ्यासमोर टेबलावर उलटी केली. एक चादर, डबा, दाढीचं सामान.

"बघून घे नीट," ते म्हणाले. "उद्या म्हणतील बूट नेलं."

पुढे सुरक्षा सप्ताह आला. पार्किंगमध्ये मंडप घातला, फ्लेक्स लागले, बाहेरून मोठे पाहुणे आले. चांगली सेवा करणाऱ्यांचा सत्कार होता. त्यात सर्वोत्कृष्ट सुरक्षा अधिकारी म्हणून साहेबांची निवड झाली होती आणि सर्वोत्कृष्ट सुरक्षा रक्षक म्हणून माझी. मला हे आदल्या दिवशी कळलं. शर्ट कडक इस्त्रीचा पाहिजे, एवढंच सांगायला ऑफिसातल्या बाई आल्या होत्या. मी विचारलं, मामांचं काय? त्या म्हणाल्या, ते आता आपल्याकडे नाहीत ना.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी त्या दुपारची हकिगत माइकवर वाचली. साहेबांनी डोकं शांत ठेवून नेतृत्व केलं. मी स्वतःच्या घरचं माणूस आत असताना कर्तव्य सोडलं नाही. मग त्या म्हणाल्या, मागचं दार वेळेत उघडण्यात आलं आणि सर्व भगिनी सुखरूप बाहेर पडल्या. जणू ते दार आपोआपच वर गेलं होतं.

पाहुण्यांनी शाल घातली, काचेचं सन्मानचिन्ह हातात दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. शेडमधल्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांना खुर्च्या पुरल्या नव्हत्या. नणंद त्यांच्यातच होती.

मी म्हटलं, "दार मी उघडलं नाही. साहेबांनीही नाही. मागच्या गेटवरच्या मामांनी कुलूप फोडलं. हे त्यांना द्यायला पाहिजे होतं."

पाहुणे हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. सूत्रसंचालक बाईंनी माइक हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, बघा, खरा कर्तव्यदक्ष माणूस कसा श्रेय दुसऱ्याला देतो. पुन्हा टाळ्या. माझं बोलणं त्या टाळ्यांत कुठे गेलं ते कळलंच नाही. फोटो काढला तेव्हा मी साहेबांच्या शेजारी उभी होते. तो फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे.

वडापाव वाटत होते तेव्हा साहेब माझ्याजवळ आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. प्लेट हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला काय कळत नाही का? पण ज्याने कुलूप तोडलं त्याला बक्षीस दिलं, की कुलूप लावलं कुणी हे पण सांगावं लागतं. ते सांगणार कोण, तू का मी?"

त्यांनी पाव तसाच ठेवला आणि पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

त्यानंतर एका रविवारी मी आणि नणंद रेवदंड्याला गेलो. करंज्याहून लाँचने रेवस, तिथून एसटीने अलिबाग, पुढे रिक्षा. मामांचं घर खाडीच्या अंगाला, पुढे अंगणात सुकट वाळत घातलेली. मामा ओट्यावर बसून कुणाचं तरी जाळं शिवत होते. त्यांच्या बायकोने आम्हाला पाहिलं आणि आत निघून गेली. नणंद पाया पडायला वाकली तर मामांनी पाय मागे घेतले.

"बरी हायस ना? मग झालं," ते म्हणाले आणि खोकायला लागले. खोकला बराच वेळ थांबला नाही.

चहा घेऊन बायको बाहेर आली. माझ्याकडे बघून म्हणाली की तुमचा फोटो आला होता फोनवर, शाल घातलेला, सगळ्या आळीत फिरला. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, निदान मोठ्याने नव्हता. मी मंडपात काय बोलले ते सांगायला सुरुवात केली. नणंदही बोलली, वहिनीने सगळ्यांसमोर तुमचं सांगितलं म्हणून. ते सांगताना मलाच ते पोकळ वाटायला लागलं.

मामांनी हाताने थांबवलं. मग जे त्यांच्या मनात होतं ते बाहेर आलं. होडीवर जायचा दम राहिलेला नव्हता. म्हणून त्यांनी जवळच्या एका रिसॉर्टमध्ये वॉचमनची नोकरी विचारली. तिथल्या मॅनेजरने एजन्सीला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. दुसरीकडेही तसंच झालं. एजन्सीवाले विचारणाऱ्याला सांगत होते की मालाच्या भानगडीत काढलेला माणूस आहे.

"मला त्या शाली-बिलीचं काय करायचं न्हाय," मामा म्हणाले. "तुज्या सायबाला एवढं सांग, मी चोर न्हाय असं एकदा बोल म्हणावं. एजन्सीला बोल. बास."

बायको दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली की यांना रात्री आडवं पडता येत नाही, बसून झोपतात, आणि आळीतली माणसं बुटांवरून चेष्टा करतात. मामांनी तिला गप्प केलं. परत निघताना तिने नणंदेच्या हातात सुकटीची पुडी दिली. मला नाही दिली.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले. पुन्हा विचारलं तेव्हाही बघतो म्हणाले. मग पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली, गुजरातमधल्या मोठ्या बंदरावर, वरच्या हुद्द्यावर. नवीन साहेब आले ते चांगले तरुण आहेत, माझ्याशी मान देऊन बोलतात, कारण भिंतीवर माझा फोटो आहे. मी त्यांना मामांबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, माझ्या आधीचं आहे, मी त्यात कसा पडणार. शेडचं कंत्राटही बदललं. जुन्या बायका कमी केल्या, त्यात नणंद गेली. ती आता सकाळी करंज्याच्या धक्क्यावर कोळंबी सोलायला जाते. सासू माझ्याशी बोलते, पण लग्नकार्यात कुणी विचारलं की ही कोण, तर सांगते, आमची बक्षीसवाली. बायका हसतात.

साहेब गेल्याचं मी मामांना फोन करून कळवलं. त्यांनी नवीन कोण आलाय विचारलं. मी सांगितलं. मी म्हटलं, एजन्सीच्या ऑफिसात मी स्वतः जाते, नणंदेला बरोबर नेते.

"नको," ते म्हणाले. "माजं नाव आता तिथं काढू नको. तुला पण घरी बसवतील. नोकरी सांभाळ."

तरी मी गेले. एजन्सीतल्या माणसाने आम्हा दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि असा कुणी माणूस आपल्याला आठवत नाही असं सांगितलं.

ते सांगायला मी पुन्हा मामांना फोन केला. त्यानंतरही कितीदा केला. दर वेळी फोन त्यांची बायको उचलते आणि ते बाहेर गेलेत म्हणते. मागे त्यांचा खोकला ऐकू येत असतो.