कच्चं रबर
टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास आला, की मला अल थुमामाची साइट आठवते. आखातात फुटबॉल वर्ल्ड कपसाठी स्टेडियम उभं राहत होतं आणि थंड पाण्याच्या पाइपांचे सांधे गळू नयेत म्हणून बसवायच्या सिंथेटिक रबराच्या काळ्या रिंगा आल्या होत्या. वर काँक्रीट पडलं, की त्यांना पुन्हा हात लावता येणार नव्हता. माल तपासायचं काम माझं होतं. मीटरवर कडकपणा बरोबर आला आणि मी ‘पास’ म्हणून सही ठोकली. आमचा इचलकरंजीकडचा फिटर पूर्वी रबराच्या कारखान्यात होता. त्याने एक रिंग नाकाशी धरली. “सायेब, ही कच्ची हाय. काजळी जास्त घालून कडक केलीया, पन नीट शिजवलीच न्हाई. मीटर फसतंय.” मी हसलो. त्याने ती आणि मागच्या लॉटमधली एक अशा दोन रिंगा क्लॅम्पमध्ये आवळून तापलेल्या पत्र्यावर ठेवल्या. संध्याकाळी स्क्रू सोडला, तर मागची रिंग हळूहळू फुगत पुन्हा गोल झाली. नवी चपटीच पडून राहिली. “आता सही खोडा,” एवढंच तो म्हणाला. मी सही खोडली आणि तो लॉट परत पाठवला. पुढे त्याच स्टेडियममधली मॅच टीव्हीवर लागली, तेव्हा घरचे सगळे बॉलकडे बघत होते. मी खुर्च्यांखालच्या काँक्रीटकडे.