काठवटीची एकतारी

गाडीने शिटी दिली तरी अक्काला ती ऐकू आली नाही. नाशिकरोडच्या फलाटावर पोचवायला आलेली माणसे मागे सरकली, ही मात्र खिडकीचा गज धरून उभीच. शेवटी मीच तिची बोटे सोडवली.

"मला ऐकू येईल अशी एकतारी आण, अप्पा," ती म्हणाली. "नाही मिळाली तर माझं गाणं संपलं समज."

हे गाणे संपायला कारण मीच झालो होतो, ते आधी सांगून टाकतो. अक्का माझी थोरली बहीण. रोज संध्याकाळी देवापुढे आम्ही दोघे दोन-तीन भजने म्हणत आलो. तीन वर्षांपूर्वी तिला कमी ऐकू येऊ लागले आणि एका संध्याकाळी मी बोलून गेलो, "अक्का, सूर सुटतोय तुझा." तिने ते माझ्या ओठांवरून ओळखले. त्या दिवसापासून ती देवापुढे बसते, पण नुसते ओठ हलवते. आळीतल्या बायकांच्या भजनाला जायचेही तिने सोडले. मला फार वाईट वाटत असे, पण बोललेला शब्द परत कसा घ्यायचा?

यंदा तिनेच तोड काढली. सुराला आधार म्हणून एक तार पुरे, पण ती ऐकू यायला हवी. एकतारीला बोटांची कसरत नसते. जन्मात वाद्य न धरलेल्यालाही ती पहिल्याच दिवशी छेडता येते. मी नाशकातून भोपळ्याची एकतारी आणून दिली, ती तिला मुळीच ऐकू आली नाही. जळगावचे माझे स्नेही विठ्ठलराव यांनी कळवले, आमच्याकडे लाकडाच्या मिळतात, दणदणीत वाजतात. तेव्हा मार्गशीर्षात चष्म्याचे दुकान चार-सहा दिवस बंद ठेवून मी निघालो.

जळगावात विठ्ठलराव मला स्टेशनवरून थेट बाजारात घेऊन गेले. दुकानात सागाच्या, आंब्याच्या लाकडाच्या एकताऱ्या टांगल्या होत्या. माझी नजर खिळली ती कोपऱ्यातल्या एका काळपट तांबड्या एकतारीवर. खानदेशातल्या अंजन नावाच्या झाडाचे ते लाकूड, इतके टणक की सुताराची हत्यारे बोथट होतात, असे दुकानदार म्हणाला. माझा धंदा नजरेचा, त्यामुळे कोणतीही वस्तू बघून पारखता येते अशी माझी घमेंड. जितके टणक तितका आवाज मोठा, असा हिशेब मी मनात केला आणि ती उचलली. उचलताना मनगट लचकले, तेही मला शुभ वाटले.

रात्री विठ्ठलरावांकडे वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) होती. जेवणाआधी त्यांच्या वडिलांनी, नानांनी, एकतारी मांडीवर घेऊन एकदा छेडली. मग पुन्हा छेडली आणि माझ्याकडे बघितले.

"भाऊ, हाई एकतारी नही, मुसय शे," ते म्हणाले. (ही एकतारी नव्हे, मुसळ आहे.)

सगळे हसले. मला राग आला, आणि तो भरिताच्या दुसऱ्या वाढणीपर्यंत टिकला. तो उतरल्यावर मी नानांना अक्काची गोष्ट सांगितली.

"साक्रीपल्याड एक आबा शे, सुतार," ते म्हणाले. "त्याले सोताले ऐकू येत नही. पन लाकूड त्याले समजस."

बहिऱ्याने वाद्य करावे हे मला पटेना. पण मुसळ घेऊन घरी तरी कसे जायचे? दुसऱ्या दिवशी चाळीसगावला गाडी बदलून धुळे गाठले आणि तिथून साक्रीची सर्व्हिस मोटार पकडली. वाटेत एका चढावर मोटार बंद पडून मागे घसरू लागली. उतारू ओरडत खाली उड्या मारू लागले आणि क्लीनरने हाताला लागेल ते चाकाखाली सरकवले. ती माझी एकतारी होती! मोटार थांबली. एकतारी काढून पाहिली तर नुसती खुंटी वाकली होती, लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, हाई इकस का?" (ही विकतोस का?) मोटारीतले सगळे धुळे-साक्री रस्ता संपेपर्यंत हसत होते, आणि खरे सांगायचे तर शेवटी मीही हसलो.

साक्रीहून पुढे बैलगाडी. दोन्हीकडे डोंगर, उताराला कापून नेलेल्या बाजरीची धसकटे. आबांचे घर गावाच्या टोकाला, अंगणात लाकडांचे ढीग. आबा सत्तरीच्या पुढचे. त्यांची बायको, जिला सगळे गाव माय म्हणते, माझे बोलणे हातवाऱ्यांनी त्यांना समजावून देत होती. आबांनी माझी एकतारी घेतली, दांडीचे टोक दातांत धरले आणि बोटाने लाकडावर टिचकी मारली. मग ती माझ्यापुढे धरली.

"कानमा बोटे घाल. आते तू धर."

मी टोक दातांत धरले. आबांनी टिचकी मारली. टक् असा एक आवाज डोक्यात झाला आणि लगेच विझला. मग बाभळीचा तुकडा, तोही तसाच मुका. साग थोडा अधिक बोलला. शेवटी त्यांनी फिक्या रंगाची, हलकी पट्टी दिली. टिचकी मारताच माझ्या कवटीत एक सूर उठला आणि गुणगुणत राहिला. कानांत बोटे घट्ट होती. मी इतका चकित झालो की पट्टी तोंडातून पडली.

"शिवणनं लाकूड," आबा म्हणाले. "बठ्ठा लाकडे सारखा नही ऱ्हातस. भोपया हवामा बोलस, शिवण हाडमा बोलस." (सगळी लाकडे सारखी नसतात. भोपळा हवेत बोलतो, शिवण हाडात बोलते.)

मला तेव्हा कळले की मी मोठा आवाज शोधत फिरत होतो, आणि अक्काला हवा होता तो कानाच्या वाटेने न येणारा. पण पुढचे ऐकून माझा चेहरा पडला. एकतारीजोगे मोठे शिवण ओले होते. वाळायला दोन वर्षे लागतील, ओल्या लाकडात सूर राहत नाही, असे आबा म्हणाले. दोन वर्षांत अक्काचे गाणे उरले असते का?

मायने मला विचारले, "कोनाकरता पाहिजे?"

"बहिणीकरता."

"बहीणकरता भाऊ इतला दूर उना?" (इतक्या दूर आला?) ती उठून आत गेली आणि एक लहान, काठाला चिरलेली काठवट घेऊन आली. "शिवणनी शे. वीस साल मी हिच्यावर भाकरी थापी. हिच्याइतलं वाळेल लाकूड तुले कोठे भेटावं?" (हिच्याइतके वाळलेले लाकूड तुला कुठे मिळणार?)

आबा काठवटीकडे बघत राहिले. चांगले लाकूड रोज आपल्या चुलीपाशी होते आणि आपल्याला सुचले नाही, याचे त्यांना हसू आले असावे. त्यांनी चीर भरली, काठवटीवर शेळीचे कातडे ताणले, बांबूची दांडी आरपार घातली आणि तिचे टोक मुद्दाम लांब ठेवले. दोन दिवस मी अंगणात बसून बघत होतो. निघताना मायने नव्या काठवटीवर थापलेल्या भाकरी बांधून दिल्या. आबांनी आपल्या जबड्यावर बोट ठेवून, दांडीचे टोक इथे टेकवायचे, असे मला पुन्हा पुन्हा बजावले.

परतीच्या वाटेवर एकच धास्ती. मला ऐकू आले, कारण माझे कान शाबूत आहेत. अक्काला नाहीच आले तर?

घरी तिने एकतारी उलटसुलट करून बघितली. "ही काठवट आहे, अप्पा."

मी मानेने हो म्हटले आणि दांडीचे टोक तिच्या जबड्याला टेकवले. तिने तार छेडली. तिचा हात तिथेच थांबला. पुन्हा छेडली. डोळे भरून आले तिचे.

"आतून येतोय रे," ती म्हणाली.

मीही रडलो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. मग ती गाऊ लागली. तीन वर्षांत वापर नसलेला तो आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला. मला राहवेना, मी शेजारी बसून तिच्या आवाजात माझा मिळवला. दुसऱ्या ओळीला अक्काने माझ्या गळ्याला हात लावला, आणि थांबली.

"उतरतोयस, अप्पा."

"मी?"

तिने जबड्याला दांडी, माझ्या गळ्याला बोटे, असे धरून मला पुन्हा म्हणायला लावले. "परत उतरलास," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारले, "त्या दिवशी सूर नक्की कुणाचा सुटला होता रे?"

अंजनाची एकतारी आता दुकानाचे दार वाऱ्याने लागू नये म्हणून खाली ठेवतो. त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही. मंगळवारी अक्का आळीतल्या भजनाला जाते. आणि रोज संध्याकाळी देवापुढे ती गाते, मी तिच्या शेजारी बसून नुसते ओठ हलवतो.