पड जमिनीवरचा झेंडू

कोंडाजीचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्यात तो भेदभाव करत नसे. फुलबाजारात जाताना स्वतःची वजनं पिशवीत घालून न्यायचा. बसमध्ये कंडक्टरने तिकीट दिलं की ते शेजारच्या माणसाला दाखवून गाडी नक्की कुठे चालली आहे ते विचारायचा. त्यामुळे १९९३ साली नाशकातल्या द्वारका चौकापलीकडच्या त्याच्या मळ्यावर आरक्षण पडल्याची नोटीस आली, तेव्हा त्याने ती तीन वेगवेगळ्या माणसांकडून, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता, वाचून घेतली. तिघांनी एकच सांगितलं. तेव्हा हे तिघे आधी भेटलेले दिसतात, असं त्याचं मत पडलं.

नोटिशीत म्हटलं होतं की शहर दाटत चाललं आहे, वस्तीला मोकळी हवा पाहिजे, मुलांना शाळा पाहिजे. सबब ह्या एकरभर जागेत उद्यान आणि प्राथमिक शाळा.

"म्हंजे आधी झेंडू उपटायचा, शेवंती उपटायची, आन् मंग तिथंच बाग करायची?" कोंडाजी म्हणाला.

"सरकारी बाग," त्याची बायको भागुबाई म्हणाली. "तिथं फुलं तोडायला मनाई असती."

पाच वर्षांनी जमीन महापालिकेच्या ताब्यात गेली. मोबदला वेळेवर मिळाला, ह्याचाही कोंडाजीला बरेच दिवस संशय होता. घर आणि घरामागचे चार गुंठे तेवढे उरले. एकराच्या कडेला बोर्ड लागला. त्यावर घसरगुंडी होती, हसरी मुलं होती आणि नाशकात कुणी कधी पाहिली नाहीत अशी झाडं होती.

पुढे काहीच झालं नाही. आधी निधी नव्हता. निधी आला तर निवडणूक आली. मग कुंभमेळा जवळ आला, आणि कुंभमेळा जवळ आला की नाशकातली बाकीची कामं बारा वर्षं लांब जातात. मोकळ्या जागेत कुणीतरी इमारतीचा राडारोडा आणून टाकला. एके दिवशी टेप घेतलेला एक माणूस लग्नाच्या लॉन्ससाठी जागा मोजताना सापडला.

"ही सरकारी जागा हे," कोंडाजीने त्याला सांगितलं.

"म्हणून तर मोजतोय," तो म्हणाला.

कोंडाजीच्या बापाने आयुष्यभर एकच धसका घेतला होता: तलाठी पिकं पाहायला येईल आणि सातबाऱ्यावर 'पड' असा शेरा मारून जाईल. जमीन पड दिसली की चार जणांची नजर जाते. म्हणून मळ्यातली माणसं मोकळी जमीन ठेवतच नाहीत. काही नाही तर मेथी टाकतात. जमीन आता आपली नाही, हे कोंडाजीला तिघांनी वाचून दाखवलं असलं तरी हाताला ते कळत नव्हतं. त्याने राडारोडा उचलला, वाफे पाडले आणि झेंडू लावला. शाळा येईपर्यंत जागा राखायची, एवढाच बेत.

२००४च्या जूनमध्ये त्याची नात हर्षाली पहिलीत गेली. जवळची शाळा आग्रा रोडच्या पलीकडे. भागुबाई रोज तिचं मनगट धरून रस्ता ओलांडायची. ऑगस्टमध्ये एका ट्रकने करकचून ब्रेक दाबला. पोरगी आजीच्या हातात राहिली, डबा चाकाखाली गेला. त्या दिवशी जेवताना भागुबाईने तो चपटा डबा कोंडाजीच्या ताटाशेजारी ठेवला आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून कोंडाजी महापालिकेच्या कचेरीत जाऊन बसू लागला. शाळेची फाईल वर आहे, असं त्याला सांगण्यात येई. तो वरच्या मजल्यावर जाऊन विचारी. तिथे फाईल खाली असे.

दसऱ्याला दहा दिवस होते तेव्हा शेजारचा सोमा पेपर नाचवत आला. "कोंडाजीबाबा, लय मोठं झालात! फोटो आलाय!"

फोटो कोंडाजीचा नव्हता, झेंडूचा होता. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: आरक्षित भूखंडावर साकारले उद्यान.

"तुमच्या हाताला गुण हे, बाबा. आमच्या कोथिंबिरीला कधी कुणी उद्यान म्हनलं नाय."

कोंडाजी तडक कचेरीत गेला. कारकुनाने फाईल लगेच काढली. बंद करायची असल्यामुळे ती सापडली होती.

"उद्यान झालंय. गुरुवारी साहेब पाहणीला येतील, काम पूर्ण असा शेरा मारतील."

"आन् शाळा?"

"झालेलं उद्यान मोडून शाळा कशी बांधणार? लोक ओरडतील."

"आवो, तो झेंडू माझा हे. मी लावलाय."

कारकुनाने चष्मा काढला. "म्हणजे सरकारी जागेवर अतिक्रमण केलंत? तसं लिहून देताय?"

कोंडाजीने तसं लिहून दिलं नाही. घरी येऊन वाफ्यांत उभा राहिला. कळ्यांना नुकता रंग येत होता. गुरुवारपर्यंत एकही फूल तोडणीला आलं नसतं आणि दसऱ्याला अख्खं रान पिवळं झालं असतं.

बुधवारी सकाळी त्याने पहिलं झाड उपटलं.

"वेड लागलं का वो?" भागुबाई धावत आली. "दसरा तोंडावर, आन् भरल्या कळ्या..."

"बाग राहिली तर शाळा नाय," तो म्हणाला.

भागुबाईने पदर खोचला आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. कुंपणापाशी माणसं जमली. कोंडाजीला लॉन्सवाल्याने फोडला, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याला आकडाही माहीत होता. सोमाने जवळ येऊन हळूच विचारलं, "बाबा, खरंच का?" आयुष्यभर ज्याने सगळ्यांवर संशय घेतला, त्याला हा प्रश्न रास्त वाटला. त्याने पुढचं झाड उपटलं.

गुरुवारी साहेब आले. एका हातात पेपर, समोर काळी ढेकळं.

"इथं उद्यान होतं ना?"

"व्हतं, सायेब."

"मग गेलं कुठं?"

"देखभाल नाय झाली," कोंडाजी म्हणाला.

साहेबांना ह्यात नवल वाटलं नाही. हे कारण त्यांनी स्वतः अनेकदा लिहिलं होतं. त्यांनी फाईलवर लिहिलं: जागा रिकामी, आरक्षणाचे काम प्रलंबित.

दीड वर्षाने पाया खणायला सुरुवात झाली. कोंडाजी रोज खुर्ची टाकून बसे आणि सिमेंटच्या गोण्या मोजी. मुकादमाने वैतागून विचारलं, "बाबा, तुम्ही कोणाचे?" तो म्हणाला, "पयल्यापासून इथलाच."

२००७च्या जूनमध्ये दोन खोल्यांची शाळा उघडली. हर्षाली चौथीत होती. तिच्या वाट्याला एकच वर्ष आलं. पहिल्या दिवशी ती फाटकातून आत गेली आणि मागे वळून म्हणाली, "आबा, जा ना घरी!"

कोंडाजी गेला नाही. आत खरोखर शिकवतात का, ते ऐकत मधल्या सुट्टीपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. पाढे सुरू झाले. बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत त्याने बोटांवर मोजून घेतलं, आणि बरोबर निघाल्यावरच घराकडे वळला.

बागेसाठी राखलेली अर्धी जागा अजून मोकळी होती. तिथे त्याने काहीही लावलं नाही.