साठ किलोची खाच

काल गाडीच्या मागच्या शॉकअपमधून गळणाऱ्या तेलाचा वास आला आणि मांजरसुंब्याच्या चौकातलं गॅरेज आठवलं. तेव्हा आईला दर आठवड्याला बीडच्या दवाखान्यात न्यायचो आणि माझ्या याच जुन्या मोटारसायकलवर मागं बसलेली ती प्रत्येक खड्ड्याला "आई गं" म्हणायची, म्हणून मी चांगल्यातले नवे शॉकअप बसवायला सांगितले. आई शेजारच्या ढाब्यावर बाजेवर बसली होती. मिस्त्रींनी विचारलं, "मागं कोन बसतंय? वजन जास्त असंल तर स्प्रिंग कडक लावावी लागती." मी म्हणालो, "आई. साठ किलो." त्यांनी बाजेकडं एकदा बघितलं आणि पान्यानं स्प्रिंगखालची कडी कडक खाचेवर फिरवली. पुढं घाटात गाडी दगडासारखी आपटत होती. "लई आराम हाय आता," आई म्हणाली. दवाखान्यात काट्यावर उभं केलं, तर अडतीस. आईनं पदर सावरला, मी भिंतीवरच्या पाट्या वाचत राहिलो. परतताना गॅरेज उघडंच होतं. कडी सैल करायला दोन मिनिटं लागली असती, पण तो आकडा आईसमोर सांगावा लागला असता. मी थांबलो नाही. नंतर चार खेपा तशाच झाल्या, पाचवी झाली नाही. काल गाडी त्याच गॅरेजात नेली, तर त्याच मिस्त्रींनी विचारलं, "आता मागं कोन बसतंय?" "कुनी न्हाई." "मग एवढं कडक कावून ठेवलंय? सैल करू?" मी म्हणालो, "राहू द्या."